माझा उंबरठा आणि भिवा मेस्त्री

आमच्या घराचं दार लावलं की एक आवाज होतो. धाडकन नाही, करकर नाही. घशातल्या घशात कुणी ‘हं’ म्हणावं तसा. पाहुणे दोनदोनदा दार लावून बघतात आणि म्हणतात, काय दार आहे हो तुमचं. मी नुसती मान डोलवतो. या दाराची हकीकत सांगायला बसलो तर माझीच अब्रू जाते, म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. पण आता वय झालं. अब्रूही तशी फारशी कुणी विचारत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

दार भिवा मेस्त्रींचं.

परळला भोईवाड्याच्या मागच्या बाजूला आम्हा सोळा कुटुंबांच्या सोसायटीची इमारत उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आम्ही सगळे लालबागच्या चाळीतून उठून ब्लॉकमध्ये राहायला निघालेले कारकून. सेक्रेटरी कोण, तर मी. कारण माझं इंग्रजी. एका मिलच्या हेड ऑफिसात मी पत्रव्यवहार सांभाळायचो आणि ‘विथ रेफरन्स टु’ने सुरू झालेलं वाक्य पानाच्या तळापर्यंत न थांबता नेऊ शकायचो. एवढीच काय ती लायकी. विटा, सिमेंट, लाकूड यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून मी बांधकामावर हिंडायचो आणि भिंतींवर टिचक्या मारायचो. टिचकी मारल्यावर काय ऐकू यायला पाहिजे हे मला आजतागायत माहीत नाही.

मेस्त्री तिथे चौकटी बसवत असत. कुडाळकडचा माणूस, अंगानं काटकुळा, खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. बंडीच्या खिशात ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळेचं वजन. दोरी सोडून द्यायची, वजन डुलायचं थांबलं की उभं सरळ काय आणि वाकडं काय ते समजतं. दुसरे सुतार ओळंबा हत्यारांच्या पेटीत ठेवतात. मेस्त्रींचा कायम अंगावर. जरा रिकामा वेळ मिळाला की खिशातून निघायचा आणि समोर जे काही उभं असेल त्याला लागायचा. विजेचा खांब, पोस्टाची पेटी, देवळाचं दार, काही सुटायचं नाही.

नाक्यावरच्या इराण्याकडे मी एकदा त्यांना चहाला नेलं. मेस्त्री दारातच थांबले, एक डोळा मिटून चौकटीकडे बघत. मग आत आले, पण चहा काही घेईनात. कप समोर निवत चाललेला.

“घ्या ना मेस्त्री.”

“घेतंय. पण ती चौकट तीन सूत भायर आसा. माझा लक्ष थयसर जाता.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी ते माझ्या बाजूला येऊन दाराकडे पाठ करून बसले, तेव्हा कुठे चहा पोटात गेला.

माणसंही ते त्याच मापानं मोजायचे. ‘हो माणूस ओळंब्यात आसा’ म्हणजे उत्तम. ‘सूतभर भायर’ म्हणजे चालवून घ्यायचा. ‘दोन सूत भायर’ म्हणजे त्याच्या नादी लागायचं नाही. आमच्या कंत्राटदाराबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तेका ओळंबो लावूक भिंतच नाय.” मी कितीत बसतो हे विचारायची मात्र मला कधी हिंमत झाली नाही.

दार बसवून झालं की त्यांची एक रीत होती. दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी ते लावायला सांगायचं. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. “दारान हुंकार देवक व्हयो,” म्हणायचे. हुंकार नीट आला नाही तर दार परत काढायचं, रंधा मारायचा, परत बसवायचं. एका दारापायी त्यांनी अख्खा दिवस घालवलेला मी पाहिला आहे. कंत्राटदार वरून बोंबलत होता, आणि हे कान देऊन उभे.

लालबागच्या मैदानातल्या एका सभेचीही आठवण सांगतो. व्यासपीठ मेस्त्रींनी आणि त्यांच्या गाववाल्यांनी हौसेनं बांधून दिलं होतं. मी त्या व्यासपीठावर होतो. भाषणाला नव्हे, वक्त्यांचा पाण्याचा तांब्या सांभाळायला. पण घरी सांगताना मी ‘स्टेजवर होतो’ एवढंच सांगितलं. गर्दी वाढली तसं व्यासपीठ डाव्या अंगाला किंचित खचलं. कुणाला कळलंही नाही. वक्ते ऐन रंगात आलेले, आणि पायाखालून ठक्‌, ठक्‌, ठक्‌. वक्ते थांबले. मैदान थांबलं. लोकांना वाटलं पोलीस आले. मी वाकून फळ्यांच्या फटीतून बघितलं, तर खाली मेस्त्री लाकडाची पाचर ठोकत बसलेले.

“मेस्त्री, काय चाललंय?”

“सूतभर बसला. तुमी बोलत रवा, माझी हरकत नाय.”

वक्ते बोलत राहिले. मेस्त्रीही ठोकत राहिले.

आता उंबरठ्याकडे येतो. टाळून टाळून किती टाळणार.

आमच्या ब्लॉकच्या चौकटी तीन बाजूंच्या होत्या. दोन उभे खांब आणि वरची आडवी पट्टी. खाली उंबरठा नाही. आर्किटेक्टच्या नकाशात तो नव्हताच. मेस्त्रींनी मला तेव्हाच बाजूला घेऊन विचारलं होतं, “भाऊ, आये येतली ना तुमची? तिका उंबरठो लागतलो. सांगा, आत्ताच बसवन देतंय.”

मी त्यांना व्याख्यान दिलं. नवं घर, नवी पद्धत, अडखळून पडायची भीती नको, केर सरळ बाहेर जातो, आणि काय काय. इतकं बोललो की शेवटी ते ‘बरां’ म्हणाले आणि रंधा मारू लागले.

राहायला जायच्या दिवशी आई दारापर्यंत आली. हातात समई, कडेवर तुळशीची कुंडी. खाली बघितलं आणि तिथेच उभी राहिली.

“उंबरठो खय?”

मी तेच व्याख्यान थोडक्यात दिलं. आईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “मी सकाळी उठान हळदकुंकू खय घालू? तुझ्या कपाळार?” आणि समई, कुंडी सगळं घेऊन परत चाळीत निघून गेली. माझी बायको सुमती मला म्हणाली, “मेस्त्रींना बोलवा. तासाभराचं काम आहे.” खरं होतं ते. पण एवढं व्याख्यान झोडल्यावर कुठल्या तोंडानं बोलावणार? मी म्हटलं, त्यात काय आहे, मीच बसवतो.

मापाला दुसरं काही सापडेना म्हणून सुमतीच्या परकराची नाडी घेतली. दारात धरली तेव्हा सैल धरली, वखारीत धरली तेव्हा ताणून धरली. सागाचा तुकडा घरी आणला तर तो अर्धं बोट लांब. शहाण्या माणसानं तो कापून आणला असता. मी म्हटलं, बसत नाही म्हणजे बसल्यावर हलणार नाही. शेजाऱ्यांचा हातोडा आणला आणि दोन खांबांच्या मधे तो उंबरठा ठोकून ठोकून घातला. शेवटचा घाव बसला तेव्हा भिंतीच्या प्लॅस्टरला बारीक तडा गेला. सुमतीनं तड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती स्वैपाकघरात निघून गेली.

आई आली. तिनं उंबरठ्यावर स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या संध्याकाळपासून आमचं दार लागेना. वर कोपऱ्यात घासायचं, खाली बोटभर फट. कडी लावायची म्हणजे खांद्यानं रेटा द्यावा लागे.

मला कारण समजलं नव्हतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, आणि कारकुनाला दोन्हीच्या मधे फाईल उघडून बसता येतं. त्याच आठवड्यात सोसायटीनं ठरवलं की इमारतीतल्या दोषांची यादी कंत्राटदाराला पाठवायची. दोष खरेच पुष्कळ होते. रंगाचे ओघळ आलेले, खिडकीच्या कड्या भोकात जात नव्हत्या, मोरीचं पाणी उलटं घरात यायचं. मी यादी केली. एकेचाळीस कलमं, टाईप केलेली, इंग्रजीत. दुपारी ‘मराठी राज्य झालंच पाहिजे’ म्हणून घसा बसवून आलो होतो, आणि संध्याकाळी लिंबू घातलेलं गरम पाणी पीत इंग्रजीत तक्रार लिहीत होतो. चाळीस कलमं झाल्यावर सभासद म्हणाले, सेक्रेटरींचं दार लागत नाही ते घाला की. पंधराजण माझ्याकडे बघत होते. मी एकेचाळिसावं कलम घातलं. ‘सुताराच्या घोर निष्काळजीपणामुळे’ असं. त्या ‘घोर’साठीचा इंग्रजी शब्द मी डिक्शनरीत बघून घातला होता. मला तो फार आवडला होता.

कंत्राटदारानं चाळीस कलमांचं काहीही केलं नाही. एकेचाळिसावं तेवढं ताबडतोब मनावर घेतलं. भिवा मेस्त्रींना कामावरून काढून टाकलं. वर सगळीकडे सांगत सुटला, की या सुताराच्या चौकटी वाकड्या असतात, सोसायटीनं तसं लेखी दिलंय. परळ ते दादर कुठल्या बांधकामावर त्यांना कुणी उभं करीना. हे मला ठाऊकच नव्हतं. मी आपला पत्राच्या कार्बन कॉपीवरून हात फिरवत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप. मी खांदा लावून दार ओढलं. बाहेर मेस्त्री. हातात हत्यारांची पिशवी.

“भाऊ, तुमी लिवलात म्हणान काम गेला. ता जाव दे. पण तीस वर्सां चौकटी बसवतंय, असा कोणी कधी बोलूक नाय. खय चुकलंय ता बघूक इलंय.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला फार बरं झालं असतं. मी ‘या, या’ म्हणालो आणि बाजूला झालो. त्यांनी चौकटीला ओळंबा लावला. दोरी थांबेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. मग हळूच वाकून उंबरठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि डोळे वर करून माझ्याकडे बघितलं.

मी छताकडे बघू लागलो. छताचा रंगही खराब होता, ते यादीत बारावं कलम होतं.

तेवढ्यात आई आतून आली. बोली ऐकून मेस्त्री गाववाले निघाले म्हणून तिला कोण आनंद. उंबरठ्याकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “माझ्या झिलान सोता बसवल्यान हा. कोणाक हात लावूक दिल्यान नाय.”

मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी फक्त विचारलं असतं, की काकी, हे कधी बसवलं, तरी माझा निकाल लागला असता. मेस्त्रींनी आईकडे बघितलं, तिच्या बोटांना लागलेल्या कुंकवाकडे बघितलं.

“बरो बसवल्यानी हा, काकी,” ते म्हणाले. “जरासो उचलूया? परत आसा तसो ठेवतंय.”

आईनं उंबरठ्यावर दोन अक्षता टाकल्या, नमस्कार केला, मग त्यांनी उंबरठा काढला. करवतीनं कड छाटली, रंधा मारला. उंबरठा बाजूला असताना त्यांनी मोकळ्या चौकटीला परत एकदा ओळंबा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ की मी विचारलं, “काय झालं?”

“काय नाय.” मग बिजागऱ्यांच्या बाजूच्या खांबामागे त्यांनी लाकडाची एक पातळ चीप सारली, हळूहळू ठोकली, परत बघितलं. मला वाटलं, केवढा हा काटेकोरपणा. उंबरठा जागच्या जागी ठेवला, दाराकडे पाठ केली आणि मला म्हणाले, “लावा.”

मी लावलं. ‘हं.’

आईनं त्यांना नारळ दिला. मी जिन्यापर्यंत गेलो आणि म्हटलं, “मेस्त्री, मी पत्र लिहितो. आजच.” त्यांनी नारळ पिशवीत टाकला आणि जिना उतरले.

पत्राचे मी सहा मसुदे केले. लाज वाटते सांगायला, पण सहाही इंग्रजीत. एकात ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ होतं, एकात ‘हवामान’ होतं, चौथ्यात तर लाकूड फुगल्याचा ठपका मी दमट हवेवर ठेवला होता. चाकरमान्याला स्वतःची चूक लिहायला इंग्रजी फार सोयीचं. त्यात करणारा माणूस हवेत विरतो आणि नुसती झालेली गोष्ट उरते. दोन आठवडे असेच गेले. शेवटी सुमतीनं सहावा मसुदा माझ्या हातातून घेतला, वाचला आणि म्हणाली, “त्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटतेय ते माहितीये का तुम्हाला? आधी त्यांना दाखवून या.”

मेस्त्री घोडपदेवला गाववाल्यांच्या खोलीत राहत. गेलो तेव्हा ते पाळण्याचे खूर तासत बसले होते, हाताला मिळेल ते काम. मी मसुदा वाचून मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

“ह्याच्यात उंबरठो खय आसा?”

“म्हणजे तसा अर्थ येतो त्यात…”

“अर्थ नको. उंबरठो लिवा. आणि मराठीत लिवा. माका वाचूक येता.”

तिथेच, पाळण्यावर कागद ठेवून मी लिहिलं. त्यांची कानावरची पेन्सिल घेऊन. ‘माझ्या दाराचा दोष भिवा मेस्त्री यांचा नाही. उंबरठा मी स्वतः चुकीच्या मापाचा आणून हातोड्याने ठोकला, त्यामुळे चौकट फाकली. हे मला माहीत असून मी खोटी तक्रार केली.’ तिसरं वाक्य लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी ते पटाशीनं तासून परत माझ्या हातात दिलं.

ते पत्र मी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि पुढच्या वेळी सेक्रेटरी दुसरा झाला. माझं इंग्रजी होतं तिथेच राहिलं. कंत्राटदारानं पत्र बघून मेस्त्रींना परत बोलावलं. ते गेले नाहीत. पत्र मात्र परत मागून घेतलं आणि दादरला दुसऱ्याच्या कामावर लागले. तिथे, आणि पुढे जिथे जिथे गेले तिथे, ते पत्र दाखवत असावेत. कारण दोनेक वर्षांनी हिंदमाताला मी साडी घ्यायला गेलो असताना, दुकानात कपाट ठोकत असलेल्या एका अनोळखी सुतारानं माझं नाव कानावर पडताच वर बघून विचारलं, “नाडी घेवन उंबरठो मापलो ते तुमीच काय?” पत्रात नाडीचं नाव नव्हतं. ते सुमतीनं मेस्त्रींना सांगितलं असणार. सुमती साड्यांच्या गठ्ठ्यात तोंड घालून हसत होती.

मुंबईसकट महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात मेस्त्री एका सकाळी घरी आले. कायमचे गावी चालले होते. दुपारची बोट होती. हत्यारं पुतण्याला देऊन टाकली म्हणाले. आईच्या पाया पडले. चहा घेतला, दाराकडे तोंड करून. मग बंडीच्या खिशातून ओळंबा काढला. त्याच्याभोवती एक मळका कागद गुंडाळला होता. तो सोडवून त्यांनी माझ्या हातात ठेवला. माझंच पत्र.

“ह्यां तुमी ठेवा. माका आता लागाचा नाय.”

ते उंबरठा ओलांडून बाहेर गेले. पाय न लागू देता, नेहमीसारखे. दार त्यांनीच बाहेरून ओढून घेतलं. हुंकार आला. पावलं वाजली नाहीत. क्षणभर ते पलीकडे ऐकत उभे असावेत. मग जिना उतरल्याचा आवाज आला.

मी कागद उलगडला. घड्यांवर विरला होता. पाठीमागे पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत, जुनं पुसट झालेलं काही लिहिलेलं होतं. त्यावर पुन्हा एकदा नव्यानं गिरवलेलं.

‘उंबरठो अर्धा बोट लांब होतो. पण चौकट माझी पण दोन सूत भायर होती. ती मी चीप घालून सरळ केलंय. त्या दिवशी बोलूक नाय.’

मी दोनदा वाचलं. मग तसाच अनवाणी गॅलरीत धावलो. हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते सुचेना. माझी तीन ओळींची कबुली पंधराजणांनी ऐकली, सगळ्या सुतारांनी वाचली, आणि तिच्यावर मी मनातल्या मनात जरा मोठाही झालो होतो. त्याच कागदाच्या पाठीवर त्यांची कबुली इतकी वर्षं खिशात फिरत होती, आणि कागद उलटून ती वाचणारा एकही भेटला नव्हता. मला रडू आलं. आई आतून विचारत होती काय झालं, आणि मी म्हणालो, काय नाय.

खाली नाक्यावर एका नव्या दुकानाची चौकट उभी करत होते. मेस्त्री तिथे थांबले होते. वळकटी पायाशी ठेवलेली, उजव्या हातात दोरी, एक डोळा मिटलेला. सुतार काहीतरी विचारत होते त्यांना. ते उत्तर देत नव्हते. दोरी थांबायची वाट बघत होते.